घरटी एक माणूस

मॅचिंग सेंटरमधल्या मुलीने काउंटरवर पोपटी रंगाचे तुकडे टाकले आणि त्यातला साडीला कुठला जाईल हे स्नेहल दाराच्या उजेडाकडे धरून बघत होती, तेव्हा पर्समध्ये फोन थरथरला. दोनदा थरथरला, थांबला, पुन्हा दोनदा थरथरला. असा तो एकाच कारणासाठी थरथरतो हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ते कारण आजवर कधी आलं नव्हतं. तिने एका हातात कापड तसंच धरून दुसऱ्या हाताने फोन काढला. ‘विद्यार्थी: साहिल. हृदयाचे ठोके अनियमित. वैद्यकीय तपासणीची शिफारस.’ खाली एक लाल रेघ होती, मधेच दाटीवाटीने चाललेली, मधेच कुठेतरी विसरून राहिलेली. बाहेर महाडच्या बाजारात शनिवारची दुपार होती, रिक्षावाले ओरडत होते, समोरच्या दुकानात कुणीतरी प्लास्टिकच्या बादल्या एकात एक घालत होतं. “ताई, हा देऊ का?” मुलीने विचारलं. साहिल दिवाळीनंतर नालासोपाऱ्याला गेला होता, बापाकडे, तिथल्या शाळेत. हे ठोके साहिलचे नव्हते. रेघेखाली चौकट उघडली होती: ‘कारण निवडा.’ मूल धावत होते. मूल आजारी आहे. पट्टा सैल होता. तिने ‘पट्टा सैल होता’वर बोट टेकवलं. रेघ निमूट हिरवी झाली आणि नाहीशी झाली. “हाच द्या,” ती मुलीला म्हणाली आणि घरी येऊन साडीला लावून बघितला तर रंग साफ चुकला होता.

मनगटावरचे पट्टे आले ते पाऊस ओसरताना. पुण्याची कुठली संस्था, कुठल्या कंपनीचा निधी, डोंगराळ भागातल्या लहान शाळा निवडल्या म्हणे, आणि त्यात कापडे गावाच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यावरून आत गेलेल्या तिच्या वाडीची शाळा बसली. निवडीत बसायला आमच्या शाळेत आहे काय, असं तिला तेव्हा वाटलं होतं. दोन खोल्या, ओटा, आणि बेंचांपेक्षा कमी पोरं. छपरावर एक पेटी बसवली, तिच्यावर सौर पाटी, म्हणजे डोंगरात इंटरनेट आलं. महाडला एका हॉलमध्ये प्रितम नावाच्या मुलाने सगळ्या शिक्षकांना शिकवलं. गोड बोलायचा, पाण्याच्या बाटलीचं झाकण सतत उघडायचा-लावायचा. “मॅडम, यापुढे हजेरी सहीवर नाही, नाडीवर,” तो म्हणाला. पट्टा टेबलावर काढून ठेवला तर चालत नाही. खाली कातडी ऊबदार लागली पाहिजे आणि शीर उडली पाहिजे, तर मूल हजर. मूल शाळेच्या आवारात आहे का, घाबरलंय का, लक्ष आहे का, सगळं कळतं, आणि ते मुंबईत बसलेल्या आईबापांना त्यांच्या फोनवर दिसतं. मागच्या रांगेतल्या एका गुरुजींनी विचारलं, “आणि मास्तर झोपला तर?” सगळे हसले. प्रितमही हसला आणि म्हणाला, “तेही कळतं,” आणि शिक्षकांचे करडे पट्टे वाटायला घेतले. मग कोणी हसलं नाही. तेव्हापासून स्नेहलला दिवसभर कुणीतरी आपलं मनगट धरून बसलंय असं वाटायचं. एसटीत, फळ्याशी, डबा खाताना. आपण एखाद्या पोरावर चिडलो तर ते तिकडे पुण्यात कुणाला तरी दिसत असेल. घरी गेल्यावर ती पट्टा काढून ठेवायची, पण खालची पांढुरकी कातडी बघायला तिला आवडायचं नाही, म्हणून पुन्हा घालायची. सवय कशाचीही होते, आणि झाली की माणूस त्यालाच आपलं समजायला लागतो, याची तिला चीड यायची.

साहिल गेला तेव्हा पोरं आणखी कमी झाली, पण पटावरून त्याचं नाव अजून काढलं नव्हतं. खालून, तालुक्याच्या ऑफिसातून, निरोप होता की वर्षअखेरची पट्ट्याची हजेरी बघून शाळेचं ठरेल. नाही भरली तर वाडीची शाळा बंद आणि पोरं कापड्याच्या शाळेत. कापडं जवळच, नकाशावर. मधला ओढा नकाशावर बारीक निळी रेघ आहे. पावसात तो काय असतो हे वाडीला माहीत. शाळा समितीचा अध्यक्ष हैबती, साहिलच्या आजोबांचा धाकटा भाऊ, ओट्यावर बसून खूप वेळ तंबाखू मळत राहिला. “साहिलचा खाडा पडला तर शाला जातेय म्हना की,” तो म्हणाला. दुसऱ्या सकाळी स्नेहल आली तर मागच्या भिंतीशी, पोरांच्या ओळीत, साहिलची आजी बसलेली. ठमाबाई. डोक्यावर पदर, मांडीवर सुपात वाल, आणि कपाटातून हैबतीनेच काढून दिलेला साहिलचा निळा पट्टा हिरव्या बांगड्यांच्या वर, शेवटच्या भोकात. “आजी, तुम्ही इथे कशा?” “साहिल नाय ना. त्याच्या जागी मी हाय,” ठमाबाई म्हणाली, आणि यात विचारण्यासारखं काय आहे अशा नजरेने तिच्याकडे बघितलं. यात लबाडी आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. गावकीचं काम निघालं, दगडी पायऱ्यांची पाखाडी बांधायची असो, झरा उपसायचा असो, घरटी एक माणूस द्यायचा. घरचा कर्ता मुंबईला असला तर बायको उभी राहते, बायको बाळंतीण असली तर सासू. घरातलं माणूस उभं राहिलं की घर हजर. शाळा टिकवणं हे गावकीचंच काम, मग त्यात साहिलच पाहिजे असं कोण म्हणतं?

आणि नाही म्हणायचं तर स्नेहलने कुठल्या तोंडाने म्हणायचं होतं? तिचं माहेर तुडील. सावित्रीच्या काठचं गाव, पाण्याने कितीदा आत येऊन भांडी नेली त्याची गणती नाही. बाप मुंबईला बेकरीत भट्टीवर, मे महिन्यात यायचा, अंगाला कायम खमंग वास. आई आजारी होती त्या वर्षी नदीकडची पायवाट वाहून गेली आणि गावकीने कामाचा दिवस धरला. स्नेहल तेव्हा पाचवीत. फ्रॉकवर आईची ओढणी आवळून ती गेली, मोठ्या बाप्यांच्या रांगेत उभी राहिली, हातातून हातात येणारे धोंडे पुढे देत राहिली. हात सोलवटले, नखाखाली माती गेली, दुपारी पोहे मिळाले तेव्हा बोटं वळेनात. संध्याकाळी म्हाताऱ्या सोनबाने सगळ्यांची नावं पुकारली आणि तिच्या बापाचं नाव आलं तेव्हा ती ओरडली, “हाय!” कोणी हसलं नाही. सोनबाने मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं. त्या ‘हाय’ने छातीत जे भरून आलं होतं, तसं पुढे डीएडच्या निकालालाही आलं नाही. मेमध्ये बाप आला आणि पायवाटेवरून चालताना तिला म्हणाला, “मी बांधलीय बरं का ही,” आणि दोघं हसत सुटली. ठमाबाईला ‘हे चालत नाही’ असं सांगायला तोंड उघडलं तेव्हा स्नेहलला हे सगळं आठवलं, आणि तिने हजेरीचा टॅब उचलून बघितला. साहिलच्या नावापुढे हिरवा ठिपका आला होता. तिने टॅब खाली ठेवला आणि पाढे सुरू केले.

मग ते अंगवळणी पडलं. ठमाबाई वाल सोलायची, पाढ्यांच्या सुरात मान हलवायची, एखादं पोर दंगा करायला लागलं की नुसती खाकरायची. कविता सुरू झाली की सूप बाजूला ठेवायची. वाडीतल्या पोरांच्या ठोक्यांत साहिलचा ठोका सगळ्यात संथ, सगळ्यात स्थिर. प्रितमचा फोन आला, “मॅडम, तुमचा साहिल काय मुलगा आहे! असं लक्ष आम्हाला शहरातल्या शाळांतही दिसत नाही.” त्या महिन्याचं एकाग्र विद्यार्थ्याचं प्रशस्तिपत्र साहिलला आलं. हैबतीने ते चौकटीत बसवून ठमाबाईच्या ओटीवर लावलं, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, “बघ, आयुष्यात पयलं बक्षीस.” स्नेहलही हसली होती. पट्टा काढायचा कंटाळा म्हणून ठमाबाई तो घरीही ठेवू लागली. घर शाळेला चिकटून, पेटीच्या टप्प्यातच. आणि तिकडे नालासोपाऱ्यात तिचा मुलगा राजेश, साहिलचा बाप, पालकांच्या फोनवर रोज साहिलच्या नावाखाली आपल्या आईचे ठोके बघत होता. हे सगळ्या वाडीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पुण्याला.

रविवार कसा गेला हे स्नेहलला सांगता आलं नसतं. नवरा एमआयडीसीत दुपारपाळीला गेला. तिने बांगड्याचं कालवण केलं आणि मीठ घालायला विसरली. पट्टा सैल होता. खरंच सैल असेल. म्हातारीचं मनगट ते केवढं, शेवटच्या भोकातही हलतो. पण ती लाल रेघ डोळ्यांपुढून जाईना, ती मधेच थांबलेली जागा. तिथे काय होत असेल माणसाच्या आत? तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून बघितलं. ठक, ठक, ठक. आपण असं करतोय हेही तिकडे दिसत असेल का, असं वाटून तिने बोट काढलं. कार्तिकापासून ठमाबाईचे पाय सुजत होते. उतारावरच्या घरातून शाळेच्या ओट्यावर चढताना ती खांब धरून उभी राहायची, ओठ निळसर, आणि स्नेहल दिसली की हसायची. हे आपण बघत होतो. रोज बघत होतो, आणि रोज हिरवा ठिपका बघून गप्प बसत होतो. तिने हैबतीला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. आणि तिला बरं वाटलं. लागला नाही याचं तिला चक्क बरं वाटलं, आणि मग स्वतःची इतकी किळस आली की ती तशीच भांडी घासायला बसली, स्वच्छ होती ती सुद्धा. खरं सांगायचं म्हणजे प्रितमला सांगायचं, की तो मुलगा नाही, ती म्हातारी आहे, तिला न्या. मग शाळा त्याच दिवशी गेली. तिची नोकरी गेली तर गेली, असं ती मनात म्हणाली आणि ते खोटं आहे हेही तिला कळलं. पण पोरांच्या वाटेवरचा ओढा तर खोटा नव्हता. न सांगावं तर म्हातारी. एवढंच होतं सगळं, आणि ते उलटसुलट करून दुसरं काही निघत नव्हतं.

सोमवारी ती पोलादपूरला उतरून जीपने वर आली तेव्हा ठमाबाई ओट्यावरच बसली होती. जिवंत. बाजूला हैबती धोतर सावरत उभा, आणि खाली वळणावर वाडीतल्या येसाजीची जीप, इंजिन चालू. शनिवारचा तो इशारा राजेशच्या फोनवरही गेला होता. त्याने रविवारी वर निरोप धाडून सगळं जमवलं होतं. महाडच्या दवाखान्यात न्यायचं. पण म्हातारी हलत नव्हती.

“वैनी, ऊठ गो आता. जीप काय दिसभर थांबतेय?” हैबती म्हणाला.

“मी नाय. शालेचं वरीस सरूदे.” तिला बोलताना मधे थांबावं लागत होतं. “आज गेलं तर खाडा पडंल.”

“पडूदे खाडा.”

“तुझ्या तोंडात माती. माझ्या घराचा खाडा गावकीत कदी पडला नाय. मालक गेले त्या सालाला पन नाय.”

“आजी,” स्नेहल तिच्यापुढे खाली बसली. जवळून तो श्वास ऐकू येत होता, ओल्या लाकडाच्या चुलीसारखा. “तुम्हाला जायला हवं. आजच. मी हात जोडते.”

“बाई, तू पोरास्नी शिकव. मला काय झालंय? चढाचा दम लागतो. म्हातारपन हाय.”

मग स्नेहलने जे केलं ते ठरवून केलं नाही. तिने ठमाबाईचा हात मांडीवर घेतला, बांगड्या मागे सारल्या आणि निळा पट्टा सोडवला. खालची कातडी थंड होती. पट्टा तिने आपल्या उजव्या मनगटावर आवळला. डाव्यावर तिचा करडा होताच. “हे बघा. साहिल आता माझ्याकडे. खाडा पडत नाही. आता जा.”

ठमाबाईने त्या मनगटाकडे बघितलं. “घरातलं मानूस लागतं गो.”

“मी घरातलीच समजा.”

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली, मग तिने स्नेहलच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली आणि हैबतीचा खांदा धरून उठली. जीप वळणाआड गेली तरी इंजिनाचा आवाज खालून बराच वेळ येत होता.

त्या सकाळी वर्ग चांगला चालला. कितीतरी दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. दोन मनगटांवर दोन पट्टे, खडूने लिहिताना उजवा जरा खुपत होता, पण ते खुपणंही बरं वाटत होतं, अंगाला काम लागल्यासारखं. सांगायचंही नाही आणि म्हातारीही वाचायची, असा काही मार्ग असतो हे तिला कालपर्यंत सुचलं नव्हतं. गणितं घालून दिल्यावर तिने टॅब उघडला. ‘साहिल: हजर. ठोके नियमित. प्रकृतीत सुधारणा.’ खाली हिरवी रेघ, सारख्या अंतराने उठणारी, एकही ठोका न चुकवणारी. आपलं काळीज इतकं नीट चालतं हे बघून तिला चक्क कौतुक वाटलं. शेजारीच तिच्या स्वतःच्या नावाखाली तीच रेघ होती, तंतोतंत तशीच. हे कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर, असं मनात आलं, पण कोण बघतंय. इथे काळजी करायला दुसरं पुष्कळ होतं. सेजल नावाची पोरगी वजाबाकीत हातचा विसरली होती. स्नेहल तिच्याजवळ बसली, तिच्या पाटीवर बोट ठेवून समजावत राहिली. महाडला पोचली असेल आता म्हातारी. बाटली लावली असेल. पांढऱ्या चादरीवर ठमाबाई कशी दिसेल, हे तिला डोळ्यांपुढे आणता येईना.

मधली सुट्टी झाली, पोरं ओट्यावर डबे घेऊन बसली, आणि तिचा फोन वाजला. पेटीच्या इंटरनेटवरून, राजेश. इतक्या लवकर रिपोर्ट आला असेल का, असं म्हणत तिने घेतला.

“मॅडम, थँक्यू हां, मनापासून.” मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. “टेन्शनच गेलं सगळं. शनिवारपासून जेवन नाय गेलं मला. आज साडेनऊला बघतो तर रेघ एकदम ओके. म्हटलं जरा थांबू. मग परत बघितलं, जीप खाली गेली तरी रेंज लागतेय, परत ओके. किती वर्षांत आईचा ठोका इतका भारी नाय बघितला मी, मॅडम, खरं सांगतो.”

ओट्यावर कुणीतरी कुणाचं लोणचं पळवलं होतं, त्याची रडारड चालली होती.

“मी रोज बघतो. कामाला लागायच्या आधी पयलं ते. साहिलला पन दाखवतो, बघ, आजी हाय. तेवढंच भेटल्यासारखं. तर मग काकांना फोन लावला. म्हटलं मशीनच सांगतेय सुधारली, तर कशाला महाडला? ते लोक ॲडमिट करून घेतात, उगाच घाबरवतात म्हातारीला. तिची इच्छा नव्हतीच.”

“राजेश, जीप कुठे आहे?”

“ती गेली ना पोलादपूरला, काकांचं तहसीलला काम होतं. आई कापड्यालाच उतरली. मी म्हटलं, वळवा ना परत वर. तर हीच म्हनाली, मी बरी हाय, तर जाते चालत, वाल टाकलेत उनात.” तो हसला. “आयकते काय ती?”

कापड्यापासून वाडीपर्यंत सगळा चढ. फेब्रुवारीचं ऊन, वाटेत कुठे झाड नाही. जीपने यायला लागतो त्या वेळेवरून स्नेहल मनात काही हिशेब मांडायला गेली आणि तो मोडला. कुठलंही वळण असेल. कुठलाही दगड, टेकून बसलेली. तिने उजव्या मनगटाकडे बघितलं. पट्ट्यावरचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. तो असा लुकलुकत असताना तिकडे एक माणूस यंत्राच्या घरघरीत उभा राहून आनंदाने बोलत होता, आणि त्याचा तो आनंद एवढाच, या दिव्याएवढा, तिच्या शिरेवर चालू होता. एक क्षण तिला वाटलं, न सांगावं. खाली पळत जावं, म्हातारीला गाठावं, आणि हे कुणाला कधी कळूच नये. पण छातीत ते आधीच सुरू झालं होतं, धडधड, धडधड, आणि ते त्याला दिसणार होतं. आता, या क्षणाला, त्याच्या हातातल्या फोनवर.

“मॅडम?” राजेश म्हणाला. आवाज बदलला होता. “मॅडम, हे काय व्हायला लागलं? आत्ता बघा ना. एकदम वाढलेत ठोके. ती तुमच्याजवळ हाय काय?”

“राजेश,” स्नेहल म्हणाली, “तो ठोका माझा आहे.”

“काय?”

“पट्टा माझ्या हातात आहे. सकाळपासून. आजी दवाखान्यात जाव्यात म्हणून मी घातला. तुम्ही बघितलं ते सगळं माझं.”

पलीकडे घरघरणारं यंत्र कुणीतरी बंद केलं. पोरं ओट्यावरून तिच्याकडे बघायला लागली होती.

“मग आईचा कुठं हाय?” राजेशने विचारलं.